कात, खैर आणि कातकरी

भारतीय वन कायदा १९२७ सालचा आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात ‘वनोपज’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. त्या यादीत इमारती लाकूड आहे, कोळसा आहे, राळ आहे, लाख आहे, मोहाची फुलं आणि बिया आहेत, हिरडा आहे. आणि या सगळ्यांबरोबर कात आहे. यादीच्या आधी एक अट घातलेली आहे. या वस्तू रानात सापडोत, रानातून आणलेल्या असोत किंवा नसोत, त्या वनोपजच मानल्या जातील. म्हणजे परसातल्या खैरापासून काढलेला कातसुद्धा कायद्याच्या लेखी रानाचा माल. पानाच्या डब्यात, बाळंतिणीच्या औषधात आणि मासेमारीच्या जाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारी ही वस्तू अशी नावानिशी सरकारी यादीत बसली.

कायदा झाल्यावर तीन वर्षांनी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरला गोळीबार झाला. चिरनेर हे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातलं उरण तालुक्याचं गाव, पनवेलपासून जवळच. गावामागच्या अक्कादेवीच्या डोंगरात आसपासच्या गावांतले लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले होते. राखीव रानात कोयता-कुऱ्हाड चालवून कायदा मोडायचा, हा सत्याग्रह. पोलिसांनी बंदुका चालवल्या, गावकरी जागीच पडले, त्या धुमश्चक्रीत मामलेदारही मारले गेले. चिरनेरच्या हुतात्म्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, आणि एक नाव आहे नाग्या महादू कातकरी यांचं.

चिरनेरचा इतिहास स्वातंत्र्यलढ्याच्या अंगाने पुष्कळ सांगितला जातो, आणि तो तसा सांगितलाच पाहिजे. मला इथे त्याची दुसरी बाजू मांडायची आहे. ज्या जमातीला तिच्या धंद्यावरून, कात काढण्यावरून, नाव मिळालं त्या जमातीचा माणूस रानाच्या हक्कासाठी मेला, आणि त्याच्या लोकांची ती विद्या औषधांच्या पुस्तकांत, कारखान्यांत, जगाच्या बाजारात पोचूनही त्यांच्या हाती काही उरलं नाही. म्हणून कात म्हणजे नेमकं काय, तो औषध म्हणून खरंच काय करतो, काय करत नाही, आणि तो कुणाचा, हे एकत्र समजून घ्यायला हवं.

झाडातून मिळणाऱ्या डिंक, राळ, कात अशा पदार्थांची आपण बरेचदा सरमिसळ करतो. बाभळीचा, धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, कारण तो साखरेच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. राळ पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा मद्यार्कात विरघळते, आणि विस्तवावर टाकली की सुगंधी धूर होतो. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलातला राळधूप हा या जातीचा राजा. त्याचा काळा, चकचकीत धूप कर्नाटक-केरळच्या देवळांत जळतो आणि तिथले वैद्य तो खोकला-दम्यावरही देतात. मात्र जास्त धूप मिळावा म्हणून बुंध्याला खाचा पाडून मुळाशी जाळ करण्याची वाईट पद्धत अनेक ठिकाणी पडली, आणि चांगली झाडं त्यात उभी वाळली. आपल्या कोकणातल्या पानझडी रानात डिकेमालीचं छोटं झाड असतं. त्याच्या कोंबांच्या टोकाला पिवळी राळ थेंबासारखी साठते. तिचा वास उग्र, नकोसा. पण पोरांना दात येताना हिरड्यांना चोळायला आणि जंतांवर ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. बिवळ्याच्या सालीला घाव घातला की रक्तासारखा लाल रस येतो आणि वाळून त्याचे खडे होतात. एकेकाळी मलबारच्या बंदरांतून ते युरोपच्या औषधी दुकानांत जात.

कात या सगळ्यांहून वेगळा. तो झाडातून आपोआप पाझरत नाही. तो झाडाच्या गाभ्यातून उकळून काढावा लागतो, म्हणून त्याला कसब लागतं, भट्टी लागते, आणि रानात मुक्काम लागतो. फक्त एक अपवाद आहे. फार जुन्या खैराच्या पोकळीत कधीकधी फिकट, भुसभुशीत, स्फटिकासारखा थर आपोआप जमलेला सापडतो. त्याला खैरसाल म्हणत. घशाच्या आणि खोकल्याच्या औषधासाठी त्याला कातापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळे.

खैर हे देखणं झाड नाही. मध्यम उंचीचं, काटेरी, राखट-काळ्या सालीचं. साल लांबट पट्ट्यांनी सुटत राहते. पानांच्या देठाशी आकड्यासारखे वाकडे काटे जोडीने येतात. पावसाळ्याच्या तोंडाशी फिकट पिवळे, लांबट फुलोऱ्याचे तुरे लागतात आणि मग चपट्या शेंगा. उथळ, खडकाळ, वरकस जमिनीतही हे झाड तग धरतं. बाहेरचं लाकूड पांढरट-पिवळं, आतला गाभा मात्र गर्द तांबडा आणि इतका कठीण की वाळवी त्याला लागत नाही. म्हणून मुसळ, नांगराचे भाग, गाडीची चाकं यांसाठी खैराला मागणी. यज्ञातली पळी आणि यूप खैराचा, मंगळाची समिधा खैराची, मृग नक्षत्राचा आराध्यवृक्ष खैर. आपल्या परंपरेने या झाडाला मान भरपूर दिला. त्याच्या गाभ्यात कात भरायला मात्र पंचवीस-तीस वर्षं जावी लागतात, आणि कातासाठी झाड तोडावंच लागतं. पुढची सगळी भांडणं याच एका गोष्टीतून निघाली.

कातकरी कात कसा काढत, त्याची सर्वांत जुनी छापील वर्णनं शोधू लागलं की आपण गोव्यात पोचतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचं औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात कातावर वेगळं प्रकरण आहे. वसईच्या मुलखात हे झाड पुष्कळ आहे, लाकूड बारीक तोडून उकळतात, आणि त्या काढ्यात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करतात, असं तो सांगतो. हा माल मलाक्का, चीन, अरबस्तान, इराण इथे जात असे हेही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणातला कात समुद्रापार जात होता. त्यानंतरही युरोपातले औषधवाले कितीतरी वर्षं त्याला जपानची माती समजत होते. जहाजातून येणारा तांबूस ढेकळांचा माल एखाद्या झाडाचा असेल असं त्यांना वाटलंच नाही.

कृती अशी होती. पाऊस संपला की कातकरी कुटुंबं रानात जाऊन खोपटी घालत. पक्क्या गाभ्याचा खैर निवडणं ही पहिली विद्या, कारण कोवळ्या झाडात किंवा पोकळ झाडात श्रम वाया जातात. झाड पाडून वरची साल आणि पांढरं लाकूड तासून टाकायचं. तांबड्या गाभ्याच्या छोट्या ढलप्या करायच्या. चुलीच्या लांब ओळीवर मातीची मडकी मांडायची, त्यांत ढलप्या आणि पाणी घालून तासन्‌तास उकळायचं. एका मडक्यातलं पाणी दुसऱ्यात, पुन्हा नव्या ढलप्यांवर, असं करत काढा दाट करायचा. मग तो गाळून पसरट भांड्यात आटवायचा आणि थंड व्हायला ठेवायचा. थंड झाला की तळाशी फिकट तांबूस साका बसतो. तो दाबून, पाणी निथळून, वड्या पाडून सावलीत सुकवला की कात झाला.

साका का बसतो? गाभ्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक कॅटेचिन आणि दुसरं टॅनिन. कॅटेचिन गरम पाण्यात चांगलं विरघळतं आणि थंड पाण्यात अगदी थोडं. म्हणून काढा निवला की ते स्फटिक होऊन खाली बसतं. हाच खाण्याचा कात. टॅनिन मात्र थंड पाण्यातही विरघळलेलं राहतं. उरलेलं ते काळपट पाणी आटवलं की कडक, चकाकणारा, गडद पदार्थ मिळतो. व्यापारात त्याला ‘कच’ म्हणतात. कातकऱ्यांना ही रसायनांची नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण तापमानाच्या फरकाने दोन पदार्थ वेगळे करण्याची ही रीत त्यांनी प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी पक्की केली होती आणि आजचे कारखानेही मुळात तीच वापरतात. शीतगृह आलं, पोलादी टाक्या आल्या, तत्त्व तेच राहिलं.

या एका झाडाने रसायनशास्त्राला किती नावं दिली तेही सांगण्याजोगं आहे. कॅटेचिन हे नाव कातावरूनच पडलं. चहात जी कॅटेचिनं असतात, ज्यांच्या गुणांच्या जाहिराती आपण रोज ऐकतो, त्यांचं घराणं हेच. १८३९ साली कातातल्या या द्रव्याला तापवून त्याच्या वाफेतून एक नवं संयुग मिळालं, त्याला कॅटेकॉल म्हटलं गेलं. आपल्या शरीरात धावणारी ॲड्रिनलिन आणि डोपामिन ही द्रव्यं ज्या गटात मोडतात त्या गटाचं नाव या कॅटेकॉलवरून आलं. मेंदूचा अभ्यास करणारा जगातला प्रत्येक विद्यार्थी नकळत काताचं नाव घेतो.

कचाचा उपयोग औषधापेक्षा धंद्यात मोठा झाला. कातडं कमावायला, कापूस आणि सण रंगवायला तो लागे. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची आणि सणाची असत. खाऱ्या पाण्यात ती लवकर कुजत. म्हणून जाळी आणि शिडं कचाच्या किंवा ऐनासारख्या सालींच्या उकळत्या रसात बुडवून काढत. टॅनिन धाग्यात मुरलं की तो टिकतो. खाकी कापडाच्या रंगातही कच वापरला गेला आणि नंतर तेलविहिरी खोदताना लागणाऱ्या चिखलात मिसळायलाही. चिरनेरसारख्या गावात, जिथे पाठीशी डोंगर आणि समोर खाडी आहे, तिथे डोंगरातल्या माणसाचं आणि खाडीतल्या माणसाचं काम एकमेकांत असं गुंतलेलं होतं.

आता औषधाकडे. काताची चव तुरट, आणि त्याचा गुणही त्या तुरटपणातच आहे. टॅनिन आणि त्याच्या जवळची द्रव्यं प्रथिनांना धरून त्यांचा घट्ट थर करतात. कातडं कमावताना हेच होतं. तोंडातल्या फोडावर, सुजलेल्या हिरडीवर कात लावला की वरच्या पेशींवर असा पातळ थर येतो, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त थांबतं, चुरचुर कमी होते. घसा बसला की गायक, कीर्तनकार काताचा तुकडा गालात धरतात ते याच कारणाने. जुलाबात आतड्याच्या अस्तरावर हीच क्रिया होऊन पाणी सुटणं कमी होतं. म्हणून ब्रिटिश औषधकोशात काताचा मद्यार्कात केलेला अर्क होता आणि खडूची भुकटी मिसळलेलं काताचं औषध जुलाबावर दिलं जाई. मुंबई इलाख्यातल्या औषधी वनस्पतींवर ज्याने आयुष्यभर काम केलं त्या विल्यम डायमॉकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉर्डन आणि हूपर यांच्यासह एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कातबोळाची नोंद आहे. कात आणि बोळ एकत्र करून बाळंतिणीला शक्तीसाठी आणि दूध येण्यासाठी देत. बोळ ही अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपाची राळ. ती मुंबई बंदरात उतरायची आणि आपल्या घरातल्या बाळंतिणीच्या वाटीत कोकणातल्या खैराला भेटायची.

आयुर्वेदात खैराचं स्थान फार वरचं आहे. चरकसंहितेत प्रत्येक कामासाठी सर्वांत श्रेष्ठ द्रव्य कोणतं याची एक यादी आहे, आणि त्वचारोगांसाठी तिथे खदिराचं नाव आहे. खदिरारिष्ट आजही त्वचेच्या तक्रारींवर दिलं जातं आणि खदिरादि वटी मुखरोगांवर. पनवेलशी याचा जवळचा संबंध आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलला श्री धूतपापेश्वर ही औषधशाळा सुरू केली. आसपासच्या डोंगरांतून येणाऱ्या मुळ्या, साली आणि कात यांना त्यामुळे घराजवळ गिऱ्हाईक मिळालं. आयुर्वेदाच्या मोठ्या औषधशाळा पनवेल, ठाणे, मुंबई या पट्ट्यात उभ्या राहिल्या, त्यामागे सह्याद्रीच्या पायथ्याची राने आणि त्यांत फिरणारी माणसं होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. वैद्यांची नावं पाट्यांवर राहिली. रानात ढलप्या उकळणाऱ्यांची राहिली नाहीत.

पण काताच्या औषधी गुणांचं कौतुक करताना त्याच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर वाचकाची फसवणूक होईल. काताने जुलाब आवरतात, पण शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार तो परत देत नाही. लहान मुलाला जुलाब झाले तर पहिलं औषध जलसंजीवनी, आणि शौचात रक्त किंवा ताप असेल तर डॉक्टर. टॅनिन जास्त दिवस पोटात गेलं की अन्नातलं लोह शोषलं जात नाही आणि मलावरोध होतो. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांनी कात पोटात घेऊ नये, गुळण्यांपुरता ठेवावा. बाजारातल्या कातात भेसळही असते. चांगला कात गरम पाण्यात विरघळतो आणि पाणी निवल्यावर तळाशी फिकट साका बसतो. माती मिसळलेली असेल तर गरम पाण्यातच गाळ खाली राहतो.

आधुनिक औषधनिर्मितीचा अनुभवही शिकण्यासारखा आहे. काताचं मुख्य द्रव्य कॅटेचिन शुद्ध करून युरोपात यकृताच्या काविळीवर गोळ्या म्हणून विकलं गेलं. काही रुग्णांत तांबड्या पेशी फुटून गंभीर पंडुरोग झाला, आणि १९८५ साली ते औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. पुढे अमेरिकेत खैराचा अर्क आणि एका चिनी वनस्पतीचा अर्क मिसळून सांधेदुखीवर एक पथ्य-उत्पादन आलं. त्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तिथल्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये लोकांना सावध केलं आणि २०१८ मध्ये ते परत मागवलं गेलं. खैर वाईट आहे असा याचा अर्थ नाही. गालात धरलेला चिमूटभर कात आणि महिनोन्‌महिने गिळलेल्या अर्काच्या गोळ्या यांत फार अंतर आहे. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणून मोठ्या मात्रा घेणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत.

आणि सगळ्यांत मोठी हानी झाली ती पानाच्या वाटेने. आज काताचा मोठा भाग औषधात जात नाही, पान-सुपारीत आणि गुटख्यात जातो. पानाला येणारा लाल रंग बराचसा काताचा. चुन्याच्या क्षाराने कॅटेचिनचं ऑक्सिडीकरण होऊन ते लाल होतं. जेवणानंतरचा विडा, केवड्याच्या वासाची कातगोळी, पाहुण्यापुढे सरकवलेला डबा, हे सगळं आपल्या घरांत होतं आणि त्याच्याशी आपल्या आठवणी जोडलेल्या आहेत. तरीही सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला माणसात कर्करोग करणारी वस्तू ठरवलं, आणि तंबाखू नसलेला विडाही त्याच गटात टाकला. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातच कर्करोग धरतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तरुण पोरांचे आखडलेले जबडे दंतवैद्यांकडे येतच आहेत. जो कात तोंडाच्या फोडावर औषध होता तोच तोंडाच्या रोगाच्या पुडीत बसला. दोष सुपारीचा आणि तंबाखूचा आहे, पण त्या दोघांना चव आणि रंग देण्याचं काम कात करतो, हे नाकारता येणार नाही.

आता कातकऱ्यांकडे येऊ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात राने राखीव करायला सुरुवात केली तेव्हा खैर महत्त्वाचं झाड ठरला. तो तोडायला परवाना लागू लागला, कर लागला, आणि शेवटी रानात भट्ट्या लावणं अशक्य झालं. जमात उत्पादक होती, ती मजूर झाली. कातकरी कोळसाभट्ट्यांवर गेले. लाकूड तेच, रान तेच, फक्त आता ते ठेकेदारासाठी तोडायचं होतं. १९३४ साली, म्हणजे चिरनेरनंतर चारच वर्षांनी, ए. एन. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं समाजशास्त्रीय पुस्तक मुंबईत निघालं. तोवर कात काढणं हा कातकऱ्यांचा मुख्य धंदा उरला नव्हता. पुढे कोळसाभट्ट्याही गेल्या आणि वीटभट्ट्या आल्या. आज रायगड-ठाण्यातल्या कितीतरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरांची शाळा त्यात मोडते. राहत्या घराखालची जमीनही अनेकदा दुसऱ्याच्या नावावर असते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांच्या घराखालच्या जमिनीच्या प्रश्नावर या वाड्यांबरोबर राहून काम केलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या तीन जमातींना अतिशय असुरक्षित आदिवासी गट मानलं आहे: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी.

कात मात्र थांबला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण आणि सावर्डे इथे काताचे कारखाने उभे राहिले. महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत खैर आहे, म्हणून खाजगी जमिनीतला खैर तोडायलाही परवानगी लागते. तरी कोकणातून खैराची चोरटी तोड आणि वाहतूक पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. मागणी मोठी आहे आणि पक्कं झाड मिळणं कठीण झालं आहे. ही उणीव भरायला इंडोनेशियातून गांबिर येतो. गांबिर ही सुमात्राच्या वर्षावनातली वेल. तिची पानं उकळून, दाबून त्यातून कातासारखाच फिकट पदार्थ काढतात आणि त्याचा सर्वांत मोठा खरेदीदार भारत आहे. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर आणि मलायात गांबिरचे मळे लावताना आणि त्याच्या भट्ट्या पेटत्या ठेवताना तिथलं वर्षावन तोडलं गेलं. आज आपल्या पानातला लाल रंग कोकणाच्या डोंगरातला असेल किंवा सुमात्राच्या जंगलातला, खाणाऱ्याला ते कळत नाही.

कायद्याची आजची स्थिती मी थोडी तपशिलाने सांगतो, कारण इथेच काही करता येण्यासारखं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या माणसाला गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा आणि तिचा मालक असण्याचा हक्क दिला. मध, लाख, औषधी मुळ्या त्यात आल्या. कात त्यात बसवणं अवघड आहे, कारण तो लाकडातून काढावा लागतो आणि लाकूड गौण वनोपजेत मोडत नाही. पण त्याच कायद्यात सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क आहे. आणि तिसऱ्या कलमात आणखी एक हक्क आहे, ज्याची चर्चा क्वचित होते: जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्क. कागदावर तरी कात काढण्याची विद्या कातकऱ्यांची आहे असं म्हणायला इथे जागा आहे.

दुसऱ्या बाजूने २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ग्रंथांत लिहिलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. खैर चरकात आहे. म्हणजे खदिरारिष्ट करणाऱ्याने लाभाचा वाटा कुणाला द्यायचा हा प्रश्नच मिटला. ग्रंथात लिहिलेलं ज्ञान आणि हाताने केलेलं ज्ञान यांत कायदा असा भेद करतो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. खदिराचे गुण ग्रंथाने सांगितले असतील. किती जुना खैर निवडायचा, काढा कुठवर आटवायचा, साका कधी धरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांनी सांभाळलं.

काय होऊ शकतं याचं एक उदाहरण जवळच आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेत गुळवेल गोळा करून, सुकवून, प्रतवारी करून विकायला सुरुवात केली. करोनाच्या काळात मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांच्या मागण्या त्यांच्याकडे आल्या. वेलीचं ज्ञान त्यांचं होतंच. बदल झाला तो मधला दलाल गेल्याने आणि मालावर त्यांचं नाव आल्याने. गुळवेल तोडली तरी पुन्हा वाढते, खैराला पंचवीस-तीस वर्षं लागतात, हा फरक खरा आहे. पण तोडलेल्या खैराच्या बुंध्यालाही नवे फुटवे येतात, बियांपासून रोपं सहज होतात, आणि कोकणातल्या पडीक वरकस जमिनीत ते झाड जगतं. आज लावलेला खैर आज पाच वर्षांच्या असलेल्या पोराच्या कमावत्या वयात पक्का होईल.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. उरण, पनवेल, पेण, कर्जत या तालुक्यांतल्या ज्या वाड्यांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत किंवा ज्यांचे दावे पडून आहेत, त्यांच्या वनव्यवस्थापन आराखड्यात खैराची लागवड, ठरलेल्या चक्राने तोड आणि कात काढण्याचा हक्क कातकऱ्यांच्या नावाने लिहिला जावा. जिल्ह्यातल्या औषधशाळांनी कात कुठून येतो ते विचारावं आणि असा कात आधी घ्यावा. जंगल सत्याग्रहाच्या स्मृतिदिनाला, २५ सप्टेंबरला, चिरनेरला दर वर्षी मानवंदना दिली जाते. त्या कार्यक्रमाला जाणाऱ्या पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना आपल्या तालुक्यातले किती सामूहिक दावे मंजूर झाले, हा प्रश्न वाचकांनी तिथे जाऊन विचारावा.